हो, मीच बोलतेय

सकाळची घाई आटपून घर निवांत झालं की माई खिडकीपाशी मटार सोलत बसत, आणि माई बसल्या की शेजारीण येत असे. हे इतकं ठरून गेलं होतं की तिच्यासाठीची खुर्ची आधीच पुढे ओढलेली असे. कधी ती चहापत्ती मागायला येई, कधी वाटी परत करायला. पण खरं काम वाटीतलं नसे. त्या दिवशी तिच्या नवऱ्याचा गुडघा धरला होता.

"दादांच्या कानावर घाला ना, माई," खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ती म्हणाली. "हाडाच्या डॉक्टरांकडे त्यांनी नुसता शब्द टाकला तरी आमचं काम होईल."

"घालते की. त्याला काय, रोजचंच आहे," माई म्हणाल्या आणि शेंग अशी टचकन फोडली की जणू गुडघा तिथल्या तिथे बरा झाला.

दादा म्हणजे माईंचा थोरला मुलगा. शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात तो लिफ्ट चालवत असे. लिफ्टवाल्याचं ते काय एवढं, असं कुणाला वाटेल. पण ज्याला वाटेल त्याने रुग्णालयाच्या बाकावर दिवस काढलेले नसणार. केवढाही मोठा डॉक्टर असो, लिफ्टचं दार लागलं की चार मजले तो दादाच्या ताब्यात. पळून जायची सोय नाही. "साहेब, आमची मावशी आलीय हो, सकाळपासून बसलीय," असं दादा तळमजल्यावर हळूच काढायचा आणि चौथा मजला येईपर्यंत मावशीचं काम झालेलं असायचं. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन, बायकोची दोन्ही बाळंतपणं, गल्लीतल्या निम्म्या लोकांचे एक्स-रे, सगळं त्या लिफ्टमधून वर गेलेलं होतं.

त्यामुळे या घरात एक रीत पडून गेली होती. आजारी माणसाने कुठे दुखतंय तेवढं सांगायचं. कुठे जायचं, कधी जायचं, कुणाला दाखवायचं, हे बाकीच्यांनी ठरवायचं. पुढे सरकारने नियम केला की रुग्णाने आपलं रुग्णालय स्वतः निवडावं. तसा मोठा फलक इथल्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लागला. माईंनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला होता. "ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी बरंय," असं म्हणून त्या पुढे गेल्या होत्या.

फोन वाजला. माईंनी हात पुसून तो उचलला.

पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाज गोड पण घाईतला. ती सरकारी आरोग्य सेवेतून बोलत होती. तिने माईंच्या धाकट्या सुनेचं नाव घेतलं आणि विचारलं, "आपण स्वतः बोलताय का?"

धाकटी कामावर गेली होती. कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांना कॉलर लावायची. तिथे फोन फाटकावर जमा करावे लागत, म्हणून तिने दवाखान्यात घरचाच नंबर दिला होता. तिच्या उजव्या स्तनात गाठ लागत होती. मागच्या आठवड्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पुढच्या तपासणीसाठी तिचं नाव वर पाठवलं होतं. एवढं माईंना ठाऊक होतं.

'ती घरी नाही, संध्याकाळी करा,' एवढंच म्हणायचं होतं. पण आजवर कुठल्या फोनला, दारावरच्या कुठल्या माणसाला, कुठल्या कचेरीला माईंनी 'ती नाही' म्हणून परत पाठवलं नव्हतं. ती नसली तरी माई होत्याच की.

"हो, मीच बोलतेय," माई म्हणाल्या.

शेजारणीने भुवया उंचावल्या. माईंनी तिला डोळा मिचकावला.

मुलीने जन्मतारीख विचारली. ती माईंना पाठ होती. लग्नाच्या नोंदणीच्या वेळी साहेबांना त्यांनीच ती सांगितली होती, सून शेजारी उभी असताना.

"म्हणजे चौतीस वर्षं. आवाज जरा..."

"घसा बसलाय," माई म्हणाल्या. शेजारीण तोंडावर हात दाबून हसली. खरं म्हणजे माईही हसल्या.

"बरं. तुम्ही नदीपलीकडचं रुग्णालय निवडलंय. तिथे पुढच्याच आठवड्यात तपासणी होईल. पक्कं करू?"

माईंचं हसू मावळलं. नदीपलीकडचं? ते दोन मजली, रंग उडालेलं? थोरला मुलगा इथे एवढा ठामपणे उभा असताना त्यांची स्वतःची सून तिकडे निघाली होती, आणि हे त्यांना एका परक्या मुलीकडून कळत होतं. तेही शेजारणीसमोर. फोनमधला आवाज बाहेर येत होता, आणि शेजारीण आता हसत नव्हती, ऐकत होती. आपल्या घरातलीच माणसं दादाला विचारत नाहीत, ही बातमी दुपारपर्यंत गल्लीच्या टोकाला गेली असती.

"नाही नाही, काहीतरी चूक झालीय," माई घाईघाईने म्हणाल्या. "मोठ्या रुग्णालयात जायचंय आम्हाला. मला."

"पण तिथे चार महिने थांबावं लागेल. आणि डॉक्टरांनी लवकर तपासा असं लिहिलंय, ताई."

"आमचा माणूस आहे तिथे."

"माणूस असला तरी रांग तीच असते," मुलगी म्हणाली. मग, बहुधा दिवसभर हेच बोलून कंटाळल्यामुळे, तिने जास्त वाद घातला नाही. "निवड तुमची आहे. बदलावीशी वाटली तर तुम्ही स्वतः कळवा. दुसऱ्या कुणाचं चालत नाही."

माईंनी फोन ठेवला. "पोरी कुठल्या! नावं उलटसुलट करून ठेवतात," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि मटार सोलायला लागल्या. दादा काय, उद्याच्या उद्या आत घुसवेल तिला. चार महिने लोकांना, आपल्याला नाही. त्यांना मनापासून तसं वाटत होतं, हेही इथे सांगायला हवं. माई दुष्ट नव्हत्या. दुष्ट माणसांच्या हातून एवढं नुकसान क्वचितच होतं.

रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसले. दादा, त्याची बायको, धाकटा आणि धाकटी. मुलांची जेवणं आधीच झाली होती. धाकटा माल पोचवण्याची गाडी चालवायचा, आणि घरी आल्यावर मोठ्या भावासमोर फारसं बोलायचा नाही.

"दवाखान्याचा फोन आला होता," वाढता वाढता माई म्हणाल्या. "मोठ्या रुग्णालयाचं ठरलंय."

धाकटीचा हात ताटावरच थांबला. "कुणी ठरवलं?"

"त्यांनीच. कुठे जागा आहे ते त्यांना ठाऊक. सरकारी कामं ती."

"पण मी तर त्यांना..." धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. दवाखान्यात त्याने "दादाला विचारून सांगतो" म्हटलं होतं, आणि तो बाहेर गाडी बाजूला घ्यायला गेला तेवढ्यात तिने डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं की लवकर कुठे होईल. ज्या नावाचं उत्तर आलं ते तिने सांगून टाकलं होतं. सोळा वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट न विचारता केली होती, आणि त्याबद्दल आठवडाभर ती मनातून धास्तावलेली होती.

"बरंच झालं की," धाकटा म्हणाला. "दादा आहे तिथे."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने घास चावायला जरा जास्तच वेळ घेतला. त्याची बायको पाण्याची बाटली भरायला उठली, खरं तर ती भरलेलीच होती.

"बघतो मी," दादा शेवटी म्हणाला. "बोलतो साहेबांशी."

धाकटीने मान खाली घातली आणि जेवायला लागली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं सगळ्यांनी धरलं. बहुतेक घरांत असंच धरतात.

दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते परिषदेला गेले होते. मग म्हणे विभागात रंगकाम निघालं. माई रोज संध्याकाळी दादाच्या तोंडाकडे बघत, आणि दादा रोज बूट काढताना खाली बघत "उद्या विचारतो" म्हणे. पहिला महिना असा गेला. शेजारणीच्या नवऱ्याचा गुडघाही तिथेच होता; ती आता वाटी परत करायला आली तरी बसत नसे.

धाकटी कामावर जातच होती. कॉलर लावताना उजवा हात पुढे रेटावा लागतो; तिला तो जड वाटायला लागला तेव्हा तिने कापड डाव्या हाताने ढकलायची सवय लावून घेतली. मुकादमाने दोनदा हटकलं. घरी तिने कुणाला सांगितलं नाही. घरात या विषयावर बोलायचं झालं तर दादाला टोचल्यासारखं होईल, हे तिला न सांगता कळत होतं.

दुसरा महिना संपत आला होता. एका सुट्टीच्या सकाळी तिने न्हाणीघरातून हाक मारली, "माई, जरा येता का?"

तिचा घट्ट बाह्यांचा सदरा डोक्यावर अडकला होता. हात वर जाईना आणि सदरा खाली येईना. "अगं, काय लहान मुलासारखं," माई म्हणाल्या आणि हसत हसत सदरा ओढून काढला. मग त्यांचं हसू गेलं.

स्तनावरची कातडी एका जागी आत ओढली गेली होती. काखेत सूज होती. माईंनी न विचारता बोट लावलं. गाठ सुपारीएवढी आहे असं त्यांनी दवाखान्यातून आल्यावर ऐकलं होतं. ही सुपारीएवढी नव्हती.

"दुखतं?"

"दुखत नाही. म्हणूनच भीती वाटते," धाकटी म्हणाली. मग भिंतीकडे बघून हळूच विचारलं, "माई, दादांना खरंच जमतंय का हो? राग मानू नका. मला नुसतं खरं काय ते कळलं तरी चालेल."

माईंनी टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला आणि त्या बाहेर आल्या. पण अजूनही त्यांना राग आला होता तो दादाचा, स्वतःचा नव्हे. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्यांनी बस पकडली आणि थेट मोठं रुग्णालय गाठलं. बसमध्ये त्यांनी मनाशी वाक्यं जुळवून ठेवली. दादा लिफ्टमध्ये असेल, त्याच्यासमोरच साहेबांचा हात धरायचा, पाय धरायची वेळ आली तर तेही करायचं.

मुख्य दरवाजातून आत गेल्यावर समोरच लिफ्ट होती. दार उघडलं. आतून माणसं बाहेर आली, बाहेरची आत गेली. एका नर्सने बोटाने बटण दाबलं आणि दार मिटलं. आत चालवणारा कुणी नव्हता. त्याचं उंच स्टूलही नव्हतं.

माईंनी दोन फेऱ्या होऊ दिल्या. मग पहारेकऱ्याला विचारलं, "इथले लिफ्टवाले कुठे गेले हो?"

"या लिफ्टला माणूस लागत नाही, आजी. नवीन बसवून दीड वर्ष झालं."

"मग आधीचे?"

"दादा ना? ते मागे. सामानाच्या लिफ्टवर."

मागच्या बाजूला जायला एक लांब बोळ होता. मळक्या चादरींच्या गोण्या, जेवणाच्या रिकाम्या गाड्या, फिनेलचा वास. बोळाच्या टोकाला लोखंडी जाळीची लिफ्ट होती आणि तिच्यात दादा गोण्यांची थप्पी लावत होता. आईला बघून तो उभा राहिला, पण लिफ्टच्या बाहेर आला नाही.

"आई? तू इथे कशी?"

"साहेबांना भेटायला आले," माई म्हणाल्या. जुळवलेली वाक्यं त्यांना एकही आठवेना. "या लिफ्टने येतात का साहेब?"

दादाने आणखी एक गोणी थप्पीवर ठेवली.

"दीड वर्ष झालं म्हणे."

"आई, ते दिवस गेले. आता सगळ्या वेळा संगणकावर लागतात. साहेब मला ओळखतसुद्धा नाहीत. नवीन आहेत सगळे." त्याने गोणीवर हात पुसले. "मी तीनदा गेलो खिडकीवर, धाकटीसाठी. खरंच गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी हाकललं."

"मग घरी का नाही बोललास?"

"कधी बोलणार होतो? मी घरी आलो की तुझ्यासमोर कुणीतरी बसलेलं असतं. 'हे बघा, आमचा दादा आला' म्हणतेस तू." पन्नाशीला आलेला माणूस, पण त्या क्षणी तो अगदी लहान दिसत होता. "वाटलं, चार महिने असे जातील, तिचा नंबर लागेल, कुणाला कळायचं नाही. आणि दुसरीकडे जा म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं."

माई गोणीवरच बसल्या.

"एकच चुकलं," दादा पुढे म्हणाला. तो आता थांबवूनही थांबला नसता. "दवाखान्यात तिने पलीकडचं नाव दिलं असतं तर केव्हाच झालं असतं सगळं. तिकडे एवढी गर्दी नसते, आणि छातीचं काम चांगलं आहे म्हणतात. पण ती बिचारी कधी काही मागणार आहे का? तिला कळायला हवं होतं."

वरून कुणीतरी घंटा वाजवली. दादाने जाळी ओढली आणि गोण्यांसकट तो वर गेला. माई रिकाम्या चौकटीकडे बघत राहिल्या. तिने मागितलं होतं. मुलगा म्हणत होता ते सगळं तिने केलं होतं, आणि ते पुसून टाकणारा आवाज त्यांच्या स्वतःच्या घशातून निघाला होता. बस घरापाशी आली तरी त्यांना उतरायचं भान राहिलं नाही. पुढच्या थांब्यावरून चालत यावं लागलं.

वाटेत त्यांनी नाना तोडगे काढले. उद्या सकाळी आपणच पुन्हा फोन करावा, पुन्हा 'मीच बोलतेय' म्हणावं आणि गुपचूप पलीकडचं नाव टाकावं. कुणाला काही कळलं नसतं. दादाची अब्रू राहिली असती, त्यांचीही राहिली असती. फोनपाशी जाऊन त्यांनी तो उचललासुद्धा. मग ठेवून दिला. सुनेचा आवाज पुन्हा एकदा चोरून तिलाच वाचवायचं, हे त्यांना त्या दिवशी जमेना.

संध्याकाळी सगळे आल्यावर त्यांनी जेवण वाढलंच नाही. भांडी झाकून ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलल्या. फोन कसा आला, कोण समोर बसलं होतं, काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. घसा बसल्याचंही सांगितलं. मग दादाच्या लिफ्टचं सांगितलं. बोलताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

पहिल्यांदा धाकटाच भानावर आला, आणि अशा वेळी घरातले पुरुष बोलतात तसंच बोलला. "झालं ते झालं. आता आरडाओरडा करून काय उपयोग? दादा, तुझ्या ओळखीत दुसरं कुणी..."

"ओळखीत कुणी नाही," दादा म्हणाला. "मी सामान चढवतो."

त्याच्या बायकोने डोळे पुसले. तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच्या कपड्यांना येणारा फिनेलचा वास तीच धूत होती.

धाकटी रडली नाही, ओरडली नाही. "तुम्ही सांगितलंत की त्यांनी ठरवलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच नीट बोलले नसेन. दोन महिने मी हेच आठवत होते, माई. की मी डॉक्टरीणबाईंना मोठ्याने सांगितलं होतं की पुटपुटले होते."

माईंनी तिच्याकडे हात पुढे केला. धाकटी मागे सरकली.

"उद्या सकाळी मी दवाखान्यात जाणार आहे. कामावर खाडा पडला तरी चालेल."

"आम्ही येतो," धाकटा म्हणाला.

"या. पण मी बोलेन."

दवाखान्याची खोली लहान होती. टेबलासमोर दोनच खुर्च्या. धाकटी आणि तिचा नवरा बसले, माई दाराला टेकून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला पडद्याआड नेऊन तपासलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी लवकर म्हणून लिहिलं होतं. तुम्ही निवड का बदललीत?"

धाकटीने सासूकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. तिने माईंना वाचवलंही नाही आणि अडकवलंही नाही. माईच पुढे झाल्या. "तिने नाही बदलली. मी तिच्या नावाने बोलले," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दाराशी गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. काहीतरी कडक बोलायचं त्यांच्या ओठांवर आलेलं दिसलं, पण पेशंट समोर होती. त्या तिच्याकडे वळल्या. "आता सांगा. कुठे जायचंय तुम्हाला?"

"मॅडम, आम्ही काय म्हणतो..." धाकट्याने सुरुवात केली. सवयच ती. मागून माईंनी त्याचा खांदा असा दाबला की तो वाक्य अर्धंच सोडून गप्प झाला. माईंचे स्वतःचे दात घट्ट मिटलेले होते. सगळी उत्तरं त्यांच्या जिभेवर तयार होती. आयुष्यभर असायची तशीच. त्यांनी ती गिळली.

"नदीपलीकडे," धाकटी म्हणाली. मग, आपण पुन्हा पुटपुटलो तर नाही ना असं वाटून, मोठ्याने म्हणाली, "नदीपलीकडच्या रुग्णालयात. आणि मला आधी सांगा, तिथे माझं काय काय करतील. मला ऐकायचंय."

तिथे तिचं व्यवस्थित झालं. रंग उडालेल्या इमारतीतल्या माणसांनी तिची तपासणी चार दिवसांत केली आणि ऑपरेशन पुढच्या पंधरवड्यात. पण आधी आली असती तर नुसती गाठ काढून भागलं असतं. आता पूर्ण स्तन काढावा लागला. आजार काखेत पोचला होता. पुढे कितीतरी महिने औषधं घ्यायची होती, आणि ती घेऊनही काय होईल हे कुणी छातीठोकपणे सांगायला तयार नव्हतं. तिथल्या सर्जनने दोष कुणालाच दिला नाही. "थोडं आधी आला असता तर," एवढंच ते म्हणाले, आणि हे ते रोज कितीतरी जणांना म्हणत असतील.

माईंनी ते वाक्य ऐकलं आणि घरी आणलं. शेजारीण हल्ली येत नव्हती, तर त्याच तिच्याकडे गेल्या. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

"तू आमच्याकडे ऐकायला बसली होतीस ना, त्या दिवशी? मी धाकटीच्या नावाने बोलले आणि आपण दोघी हसलो. त्या हसण्याचं काय झालं ते तुला सांगायला आले." त्यांनी सगळं सांगितलं, दादाच्या लिफ्टसकट. मग आत पलंगावर पाय पसरून बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यांच्या गुडघ्याचं काय करायचं ते यांना विचारलंस का कधी? नाही ना? मग विचार. आणि आमच्या दादाची वाट बघू नकोस."

शेजारणीने ही गोष्ट गल्लीत पसरवली, हे सांगायला नकोच. काही दिवस लोक दादाकडे बघून कुजबुजले. आश्चर्य म्हणजे दादाची तब्येत त्या दिवसांत सुधारली. त्याला रात्री झोप लागायला लागली.

धाकटीने माईंना माफ केलं की नाही, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती त्यांच्याशी बोलायची, त्यांनी केलेलं सूप प्यायची, केस गेल्यावर डोक्याला बांधायचा रुमाल त्यांच्याकडून शिवून घेतला. पण पूर्वीसारखी न्हाणीघरातून हाक तिने पुन्हा मारली नाही. माई मात्र न्हाणीघराचं पाणी वाजायला लागलं की दाराच्या जवळपास काहीतरी काम काढत.

मग माईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. सुट्टीचा दिवस होता, सगळे घरात होते. धाकटी खिडकीपाशी मुलाच्या शर्टाची कॉलर उलटून लावत बसली होती. कारखाना सुटला होता, हाताची सवय अजून सुटली नव्हती. फोन वाजला आणि तो दादाने उचलला.

"हो, बोला. मी मुलगा बोलतोय. आईचं ना? तसं आम्ही सगळ्यांनी मिळून असं ठरवलंय की..."

धाकटी उठली. सुई कापडात खोचून ती दादापर्यंत गेली, त्याच्या हातातून फोन घेतला आणि माईंच्या समोर धरला. उजवा हात पूर्ण वर जात नव्हता, म्हणून दोन्ही हातांनी धरला.

"तुमच्यासाठी आहे," ती म्हणाली.

माईंनी फोन कानाला लावला. मुलगी तीच होती की दुसरी, कळलं नाही. प्रश्न मात्र तोच होता. "आपण स्वतः बोलताय का?"

एके काळी हे उत्तर त्यांनी डोळा मिचकावून दिलं होतं. आज समोर धाकटी उभी होती, डोक्याला रुमाल, सदऱ्याची एक बाजू सपाट. ती जात नव्हती.

"हो," माई कशाबशा म्हणाल्या. "मीच बोलतेय."

"बरं. मग सांगा, ऑपरेशन कुठे करून घ्यायला आवडेल तुम्हाला?"

मुलं बघत होती. सुना बघत होत्या. सगळ्यांची उत्तरं आयुष्यभर देणाऱ्या माईंना स्वतःचं उत्तर सापडेना. हर्नियाचं, बाळंतपणांचं, गाठीचं, सगळं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या तीन बाळंतपणांत आणि एका गर्भपातात मात्र त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि हे त्यांच्या आजच लक्षात येत होतं.

"थांब हं, बाळ," त्या म्हणाल्या. "जरा विचार करू दे. मला हे पहिल्यांदाच विचारलंय कुणी."

"करा ना, आजी. मी थांबते," मुलगी म्हणाली.

माई विचार करत बसल्या. भरल्या घरात तेवढा वेळ कुणीही मध्ये बोललं नाही.